तक्रारीचा पत्ता

तिला चिमटा म्हणत. नाव भावांनी पाडलेलं, लहानपणीच. एकदा धरलं की समोरचा रडेपर्यंत सोडायची नाही म्हणून. पुढे लग्न झालं, कानशिलाजवळचे केस पिकले, झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करता करता ती स्वतःच्या हिमतीवर वेबसाइट बनवायला शिकली, भाडेकरू संघटनेत आली, तरी नाव काही सुटलं नाही. तिला त्याचा राग नव्हता. इमारतींच्या मालक कंपनीचा मॅनेजर एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाला होता, ती चिमटा येताना दिसली की ऑफिसचं दार आतून लावून घ्या. हे तिने जिन्यात उभं राहून ऐकलं आणि पुढचा महिनाभर भेटेल त्याला सांगितलं.

संशय तिने कमावला होता, हमाल खांद्यावरचा घट्टा कमावतो तसा. तीन इमारती, सव्वादोनशे खोल्या, मालक एक कंपनी. कंपनीला सगळे भाडेकरू बाहेर हवे होते, पण सरळ काढता येत नव्हते. म्हणून कंपनीची एक रीत होती. कुणी कठडा हलतोय, पाइप गळतोय, लिफ्ट मध्येच थांबते असं लिहून दिलं, की आठ दिवसांत त्याच्याच दारावर चिठ्ठी यायची: आपली तक्रार मान्य, दुरुस्तीसाठी खोली तीन महिने रिकामी करावी. तीन महिन्यांनी खोली परत मिळालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नव्हता. कंपनीचा खोकला असा सुंठीवाचून जायचा. त्यामुळे तक्रार करायची तर नाव लपवून, आणि नाव लपवायची जबाबदारी संघटनेची, हे ठरलेलंच होतं.

त्यासाठीच चिमटाने वेबसाइट बांधली होती. भाडेकरूने फोनवरून तक्रार लिहायची. संघटनेच्या तिघांना ती नावासकट दिसणार: एक चिमटा स्वतः, दुसऱ्या अध्यक्ष नर्सबाई आणि तिसरे पोस्टमनकाका. बाकी कुणालाही तक्रारदार म्हणून ‘एक भाडेकरू’ एवढंच दिसणार. पोस्टमनकाका खरोखरचे पोस्टमन. पस्तीस वर्षं टपाल वाटून रिटायर झालेले. पहिल्या इमारतीच्या तळमजल्यावर जिथे पूर्वी मीटरची खोली होती, तिथे आता संघटनेचं ऑफिस होतं. भिंतीवर अजून दहाबारा मीटर घुं घुं करत फिरायचे. दर सोमवारी सकाळी काका ती खोली उघडायचे, एकेक तक्रारीचं बिननावाचं पान उघडून छापायचे आणि फाटकाजवळच्या काच बसवलेल्या फळ्यावर टाचणीने लावायचे. कंपनीला मग ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणायला तोंड राहायचं नाही. ही युक्ती चिमटाचीच. तिला त्या फळ्याचा फार अभिमान होता.

आता यातली मेख सांगायला हवी. प्रोग्रॅमच्या आत तक्रार ही एक वस्तू असते. नाव, खोली, मजकूर, तारीख सगळं पोटात घेऊन बसलेली. ती जशीच्या तशी बाहेर येऊ शकत नाही. बाहेर पडताना तिला दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, वेबच्या पत्त्यात तुला काय म्हणून लिहायचं? दुसरा, पानावर तुला कोणत्या साच्यात बसवायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चिमटाने डोळ्यांत तेल घालून लिहिलं होतं; एक साचा नावाचा, एक बिननावाचा. पहिल्या प्रश्नाला तक्रार आपला अनुक्रमांक सांगायची. एकशे बारा, एकशे तेरा. जी अजून जमाच झालेली नाही ती गप्प राहायची, तिला पत्ताच नसायचा. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

पण मॅनेजरला माणसांना खोलीच्या आकड्याने हाक मारायची खोड होती. ए बावीस, तुमचा कुत्रा आवरा. सी नऊ, चपला आत घ्या. एका मीटिंगमध्ये शिंपीणमावशी म्हणाल्या, तिकडेही आम्ही आकडाच आणि इथे माझी लिंक उघडली तर इथेही आकडाच, एकशे एकोणीस. मग तुमच्यात नि त्यांच्यात फरक तो काय? लोक हसले. चिमटाला मात्र ते झोंबलं. त्याच रविवारी तिने त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदललं. चार ओळींचं काम. आता तक्रारीला विचारलं, पत्त्यात काय लिहू, तर ती सांगायची माणसाचं पूर्ण नाव आणि पुढे खोली. एकाच माणसाची दुसरी तक्रार आली तर दोघींची गल्लत नको म्हणून शेवटी दोनचा आकडा, तिसरी आली तर तीनचा. लिंक जाणार ज्याच्या त्याच्या फोनवर, मग बघणार कोण? मावशींनी आपल्या लिंकमध्ये स्वतःचं नाव बोट फिरवून वाचलं आणि चष्मा पुसला. चिमटा आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होती.

महिना झाला नाही तोच पहिली चिठ्ठी आली, तिसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला. नंतर शिकवण्या घेणाऱ्या बाईंना. दोघांचीही नावं लपवलेली होती. एकदा झालं तर योगायोग म्हणता येतं. दोनदा झालं म्हणजे आत कुणीतरी आहे, हे चिमटाला सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

नावं बघणारी माणसं तीन. स्वतःला तिने वगळलं. नर्सबाई कंपनीशी अठरा वर्षं कोर्टात भांडत होत्या, त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे सूर्यावर थुंकणं. राहिले पोस्टमनकाका. आणि काकांचा जावई दोन महिन्यांपूर्वीच कंपनीत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला होता.

ही गोष्ट काकांनीच आनंदाने सगळ्यांना सांगितली होती. तेव्हा चिमटानेही चहा पिऊन अभिनंदन केलं होतं. आता तिने बोटांवर महिने मोजले. जावयाची नोकरी आणि पहिली चिठ्ठी, मध्ये पाच आठवडे. मग तिला एकेक दिसायला लागलं. काका हल्ली कमी बोलतात. काका फळ्यापाशी उगाच रेंगाळतात. काकांच्या पायात नवे बूट आहेत. संशयाला बूटही पुरतात. ती खोलीत आली आणि काकांनी कागद उलटा ठेवला, की तिच्या मनात नोंद व्हायची. त्यांनी कागद सुलटा ठेवला, तर मुद्दाम साळसूदपणा दाखवतायत अशी नोंद व्हायची.

तिने सापळा लावला. दुसऱ्या इमारतीत तिची थोरली नणंद राहायची, पार्लर चालवायची. तिच्या खोलीवर कोर्टाचा मनाई हुकूम होता, कंपनी तिच्या केसालाही धक्का लावू शकत नव्हती. चिमटाने तिला मोरीच्या पाइपाची एक खोटी तक्रार करायला लावली. मग गुपचूप काकांचा साचा बदलला. ही एक तक्रार त्यांनाही बिननावाची दिसेल अशी व्यवस्था केली. हिशेब सोपा होता. बाकीची नावं फुटत राहिली आणि हे एकच फुटलं नाही, तर चोर सापडला.

नणंदेने विचारलं होतं, म्हातारा माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला उभा राहून वाढत होता, तो असलं करेल? चिमटा म्हणाली, वन्सं, वाढणाऱ्याच्याच हातात पळी असते.

सोमवारी काकांनी नेहमीप्रमाणे पानं लावली. चिमटाने सापळ्याचा निकाल येईपर्यंत तोंड शिवून ठेवायचं ठरवलं होतं. पण मंगळवारी शिंपीणमावशी हातात चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या. त्यांनी गॅलरीचा कठडा हलतो अशी तक्रार केली होती. आता तीन महिने खोली रिकामी करायची होती. तीस वर्षं त्याच खिडकीखाली त्यांचं मशीन होतं, गिऱ्हाईक रस्त्यावरून हाक मारायचं. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, नाव कळणार नाही असं तू सांगितलं होतंस. चिमटाचं डोकं फिरलं. झेरॉक्स मशीन चालूच ठेवून ती तरातरा मीटरच्या खोलीत गेली.

काका प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होते.

“काका, जावई खुशाल आहे ना?”

“बरा आहे. का गं पोरी?”

“नाही, नवी नोकरी आहे. टिकवायला सासऱ्यानेही थोडा हातभार लावायला हवाच.”

काकांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी कागद हळूच बाकावर ठेवला, चष्मा काढला. “पस्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली मी. उघडं कार्डसुद्धा कधी वाचलं नाही.”

“वाचलं नाही हे कोण सांगणार? कार्ड?”

हे बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते चपखल वाटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण टाळ्याला नेमकी बसली, असं. काकांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि बाकावर ठेवली. शनिवारी मीटिंग घ्या, चारचौघांत सांग, मी येतो, एवढं म्हणून ते निघाले. जाताना ‘पोरी’ म्हणाले नाहीत.

बातमीला पाय फुटायला बुधवार उजाडला. मीटिंगमध्ये काकांना संघटनेतून काढणार, हे मीटिंगआधीच तिन्ही इमारतींनी ठरवून टाकलं. जिन्यात त्यांना बघून लोक फोन कानाला लावायला लागले. काकांची बायको नळावर गेली की तिच्या बादलीला जागाच सापडेना. जावयाला फितुराचा जावई म्हणून कुणीतरी शिट्टी मारली. एवढं होऊनही काका खाली मान घालून नेहमीसारखे फाटकातून जायचे, यायचे. चिमटाला तर त्यातही डाव दिसला. निर्लज्ज माणूसच इतका शांत राहू शकतो.

गुरुवारी दुपारी नणंद दुकानात आली. तिच्या हातात कंपनीची चिठ्ठी होती, पण चेहऱ्यावर भलताच राग.

“हे बघ. तुझ्या मॅनेजरने मला दोन नंबरची करून ठेवलंय.”

चिमटाने चिठ्ठी घेतली. दुरुस्तीसाठी खोली रिकामी करावी, हा नेहमीचा मजकूर. वर नणंदेचं पूर्ण नाव. नावानंतर खोली. आणि खोलीनंतर, काही कारण नसताना, सुटा दोनचा आकडा.

“पहिली कोण, ते आज घरी गेल्यावर यांना विचारते,” नणंद म्हणाली. “पंचवीस वर्षं संसार केला आणि आता कळतंय रांगेत आहे म्हणून.”

चिमटा हसली नाही. मागच्या वर्षी नणंदेने जिन्यातल्या दिव्याची एक खरी तक्रार केली होती, दिवा लागला, तक्रार मिटली. म्हणजे पाइपाची ही दुसरी. हा दोनचा आकडा जगात फक्त एकच गोष्ट लावते, ती म्हणजे तिने त्या रविवारी बसून लिहिलेल्या चार ओळी. पत्त्यात. फक्त पत्त्यात. मॅनेजरच्या टायपिस्टने तो बिचारा दोन खोलीच्या आकड्याचाच भाग समजून उतरवला होता.

संशय सहजी मरत नाही. त्याने अजून एक उडी मारली. पानाच्या साच्यातून नाव काढलं तरी काका पान उघडतात तेव्हा वर पत्ता दिसतच असणार. म्हणजे म्हाताऱ्याने तिथून वाचलं. सापळ्यालाच भोक होतं तर. पण मग टॅक्सीवाल्याची चिठ्ठी आठवली. तिच्यावर तीनचा आकडा होता आणि सगळ्यांनी तो तिसरा मजला समजला होता. माणूस माणसाचं नाव कळवतो तेव्हा त्याला शेपूट लावून कळवत नाही. हे कुणीतरी डोळे मिटून उतरवून घेतलेलं होतं. कशावरून तरी.

ती नणंदेला दुकानात गल्ल्यावर बसवून फाटकाशी गेली. काचेमागे सोमवारची नऊ पानं होती. नेहमीच्या उंचीवरून तिने वाचलं: तक्रारदार, एक भाडेकरू. तक्रारदार, एक भाडेकरू. मग ती खाली वाकली. पानाच्या तळाशी, समासाच्याही खाली, प्रिंटरने प्रत्येक कागदावर एक करड्या रंगाची बारीक ओळ छापली होती. छापताना ब्राउझर पानाचा पत्ता आपणहून खाली टाकतो, ते थांबवायला सेटिंगमध्ये जाऊन एक खूण काढावी लागते. मुंगीएवढी अक्षरं, मध्ये आडव्या रेघा. नऊ पानं, नऊ पूर्ण नावं, नऊ खोल्या. काचेच्या खालच्या कडेवर बोटांचे तेलकट डाग होते, एका ओळीत.

कंपनीचा वॉचमन खुर्चीवर बसून बघत होता. त्याने आपणहूनच विचारलं, ताई, काही पडलं का? दर सोमवारी साहेबही असेच उकिडवे बसतात, फोटो काढतात, त्यांची पँट पण एकदा मागून उसवली. आणि तो हसला. त्याला वाटत होतं तो विनोद सांगतोय.

चिमटाला अजून एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मागे एकदा काकांनी ताजं पान उजेडात धरून विचारलं होतं, खाली ही ओळ कसली येते गं, राहू द्यायची का? ती फोनवर होती. ते मशीनचं असतं काका, तुम्ही फक्त टाचण्या लावा, असं तिने हात झटकून सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे तिने आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

तिने नऊच्या नऊ पानं काढली. घरी जाऊन दार लावून घेतलं.

शुक्रवार तिला फार जड गेला. कारण सुटका डोळ्यांसमोर होती, आणि फार सोपी होती. कुणालाही काहीही ठाऊक नव्हतं. नणंदेला दोनचा आकडा माहीत होता, त्याचा अर्थ माहीत नव्हता. चार ओळी बदलायच्या, गप्प बसायचं. शनिवारी काकांना काढलं जाईल. त्यानंतर एकही नाव फुटणार नाही. काका गेले आणि नावं फुटायची थांबली, एवढा पुरावा कुणालाही पुरला असता. लोक तिलाच शाबासकी देणार. तिने दिवसभरात तीनदा लॅपटॉप उघडला, तीनदा मिटला. एकदा तिच्या मनात असंही येऊन गेलं की काकांनी ओळ बघितली होती ना, मग दुसऱ्यांदा का नाही विचारलं, म्हणजे थोडा दोष त्यांचाही.

संध्याकाळी ती पाणी भरायला नळावर गेली. काकांची बायको रांगेच्या शेवटी उभी होती, रिकामी बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून. रांग पुढे सरकत होती, पण मागून आलेल्या बायका तिला ओलांडून जात होत्या आणि ती काही म्हणत नव्हती. चूक एकाची आणि खोली दुसऱ्याची जाणार, हे काम कंपनीचं, आपलं नव्हे. चिमटाने भरलेली बादली तशीच ओट्यावर सोडली आणि वर निघून आली.

शनिवारी दुपारी चारला गच्चीवर पन्नासेक माणसं जमली. काका मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. नर्सबाईंनी सुरुवात केली आणि चिमटाला बोलायला सांगितलं. लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. तिचं बोलणं ऐकणं ही करमणूक असायची.

ती म्हणाली, नावं काकांनी फोडली नाहीत, मी फोडली. मग तिने नऊ पानांतलं एक वर धरून खालची ओळ दाखवली. पत्त्याचं सांगितलं, साच्याचं सांगितलं, मॅनेजरच्या पँटीचंही सांगितलं, पण कुणी हसलं नाही. पान हातोहात फिरलं. प्रत्येक जण ते डोळ्यांशी धरायचा आणि मग पुढच्याला देताना चिमटाकडे बघायचा. ती नजर तिच्या ओळखीची होती. पंधरा दिवस ती स्वतः काकांकडे तसंच बघत होती.

सगळ्यांत आधी टॅक्सीवाला उठला. चूक झाली म्हणतेस, पण मुद्दाम नाही कशावरून? हे बदलायला तुला कुणी सांगितलं होतं? शिकवणीच्या बाई म्हणाल्या, हिच्या दुकानात कंपनीचे कागद झेरॉक्सला येतात, मी डोळ्यांनी पाहिलेत. ते खरंच होतं. त्या रस्त्यावर दुसरं झेरॉक्सचं दुकान नव्हतं. कुणीतरी मागून विचारलं, काय ठरलं होतं तुझं नि मॅनेजरचं? चिमटाने तोंड उघडलं. मी कंपनीचं काम करीन? मी? एवढंच निघालं. बाकी सगळी जीभ, जी तिला कधी कमी पडली नव्हती, कुठेतरी आत वळून बसली. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला काहीच हातात नसतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

शिंपीणमावशींनी आवाज चढवला नाही. “माझी तक्रार पुसून टाक. माझं नाव कुठेच नको. आकडाही नको.”

नर्सबाईंनी सगळ्यांना बसवलं. मावशींची चिठ्ठी वकिलाकडे दिली आहे, लेखी हमी मिळाल्याशिवाय कुणीही खोली सोडायची नाही, हे त्यांनी बजावलं. मग त्या काकांकडे वळल्या. तुमच्यावर आळ आला होता, तुम्हाला काय म्हणायचंय?

काका वेळ घेत उठले.

“तिने मुद्दाम केलं नाही. मुद्दाम करणाऱ्याला आधी ती ओळ दिसावी लागते. हिला दिसलीच नाही, मी दाखवूनसुद्धा.”

गच्चीवर हलकं हसू उमटलं. काका हसले नाहीत.

“पण माझा आता तिच्यावर भरवसा नाही. लोकांचाही नसावा. पाकिटावर काय लिहायचं आणि आत काय ठेवायचं, हे जिला कळत नाही तिच्या हातात एकटीच्या टपाल देऊ नये. यापुढे ती त्या मशीनला हात लावेल तेव्हा मी शेजारी बसणार. एकेक ओळ मला समजावून सांगायची. मला पटली तर ठेवायची.”

तुम्हाला त्यातलं काय कळतं, असं चिमटाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं. ठराव झाला. हात सगळ्यांनी वर केले, तिनेसुद्धा.

रविवारी सकाळी दहाला ती मीटरच्या खोलीत गेली तेव्हा काका आधीच येऊन बसले होते, चष्मा पुसून. नमस्कार-चमत्कार झाले नाहीत. तिने माफी मागायची वाक्यं रस्त्यात जुळवली होती. त्यांनी हातानेच थांबवलं आणि लॅपटॉपकडे बोट केलं.

तिने त्या चार ओळी दाखवल्या. त्या पुसून परत अनुक्रमांक ठेवू, म्हणाली. काकांनी विचारलं, म्हणजे पहिल्या घराला एक, पुढच्याला दोन? मग मॅनेजरला आकड्यावरून कळणार ना, या आठवड्यात किती तक्रारी आल्या, कोणती आधी नि कोणती नंतर. गल्लीतली घरं मोजायला पोस्टमन लागत नाही. चिमटाने अनुक्रमांकाचा विचार सोडला. मग तिने प्रत्येक तक्रारीला जमा होतानाच एक वेडंवाकडं, कशाचंच काही न सांगणारं अक्षरांचं नाव पडेल असं केलं. पत्त्यात काय लिहू विचारलं की तक्रारीने तेवढंच सांगायचं. जुने पत्ते कुणी उघडले तर, काकांनी विचारलं. उघडणार नाहीत, ती म्हणाली. नवीन पत्त्याकडे नेतील का? नाही. करून दाखव, काका म्हणाले. तिने दाखवलं. मग पान छापताना खाली ओळ येऊ नये, ती खूण काढली. काकांनी छापलेला कागद उजेडात धरला, पुढून, मागून, आणि खाली ठेवला.

त्यांना अजूनही उठायचं नव्हतं. “हे पान मशीनमध्ये साठवलं तर त्या फाइलला नाव काय पडतं?”

“ते वेगळं असतं, काका. त्याचा पत्त्याशी संबंध नाही.”

“साठव.”

तिने साठवलं. फाइलच्या नावात नणंदेचं पूर्ण नाव होतं, खोली होती, शेवटी दोन होता. तिने हे कधी लिहिलं तेही तिला आठवेना. भिंतीवरचे मीटर फिरत होते. तिने ती ओळ शोधून बदलली. मग काकांनी विचारलं, तक्रार मिटली की माणसाला जो मेल जातो, त्याच्या वरच्या रकान्यात काय असतं? तेही तिने उघडलं. तिथेही होतं. तेही बदललं.

बारा वाजून गेले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे चोळले आणि पुन्हा खाली घेतला.

“अजून कुठे?”

पंधरा दिवसांपूर्वी असतं तर तिने कुठेही नाही म्हणून सांगितलं असतं, आणि वर दोन शब्द ऐकवले असते. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे थोडा वळवला, म्हणजे त्यांनाही नीट दिसेल.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “पहिल्या ओळीपासून बघू.”